पंगतीतला पट्टा

आमच्या मालकांनी जन्मभर एकाच गोष्टीवरून भांडणं केली, ती म्हणजे पायताण. बांधावरून नाही, पाण्याच्या पाळीवरून नाही, भावकीतल्या मानपानावरून तर मुळीच नाही. पण पंगतीत कुणी पायात घालून आलेलं दिसलं की संपलंच. मग समोर पाहुणा असो नाहीतर पुढारी असो.

मिरजगावाहून आत वळलं की आमचं गाव. दर वर्षी सप्ताह बसतो, सात दिवस कीर्तनं आणि सात दिवस पंगती. भाकरी घराघरातून ट्रॉलीत गोळा होतात, आमटी मात्र देवळामागं एकाच मोठ्या कढईत शिजते. ती आमटी वाढायचं काम आमच्या मालकांचं. मी लग्न होऊन गावात आले तेव्हाही तेच वाढत होते. पायजमा वर दुमडलेला, पाय अनवाणी, डाव्या हातात बादली, उजव्या हातात ओगराळं. ‘आमटी, आमटी, आमटी’ करत निघाले की लोक घाईघाईनं भाकरी चुरून तिचं आळं करायचे. त्या आळ्यात बरोबर मधोमध धार पडायची. थेंब बाहेर जाईल तर शपथ. घरी याच माणसाला साधा चहा कपात नीट ओतता येत नाही, ही गोष्ट मी गावाला कितीदा सांगितली, कुणी विश्वास ठेवत नाही.

पंगतीच्या दोन ओळींमधली जागा म्हणजे मालकांच्या लेखी चुलीपुढची जागा. तिथं अनवाणीच चालायचं. हा नियम त्यांनी आमच्या व्याह्यांनाही लावला. थोरल्या लेकीचं लग्न झालं आणि पहिल्याच सप्ताहाला काष्टीहून व्याही आले, पायात नवे कोरे, चकचकीत काळे बूट. तसेच पंगतीत येऊन मांडी घालायला लागले. मालक बादली घेऊन पुढ्यात उभे.

“व्याही, बूट बाहेर.”

“अवो, नाडी लई घट्ट बसलीय. ऱ्हाऊ द्या, कडंला बसतो.”

“मग लई कडंला बसा. पंगतीच्या पल्याड.”

सगळ्या गावासमोर! मला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. व्याह्यांनी निमूट उठून बूट काढले, जेवले, हात धुतले आणि गेले. पण ते विसरले नाहीत. पुढं कधीही आमच्याकडून फोन गेला की म्हणायचे, “जरा थांबा हं, पायातलं काढतो, मग बोलतो.” गोड बोलून टोचायची कला काही माणसांना उपजतच असते.

तर अशा या माणसाच्या अंगावरून वारं गेलं. गेल्याच्या गेल्या वर्षी, दिवाळी उरकल्यावर. सकाळी ओट्यावर चहा पीत बसले होते. बशी डाव्या हातातून सुटली, तोंड वाकडं झालं. मी अंगणवाडीत जन्म काढलेली बाई, आरडाओरडा करण्यात मला कुणी हरवू शकत नाही. माझ्या हाकेनं गल्ली जमली, जीप आली आणि आम्ही नगर गाठलं. आता कागदावर अहिल्यानगर झालंय, पण माझ्या तोंडात नगरच येतं. वेळेत पोचलो म्हणून माणूस हाती लागला, असं डॉक्टर म्हणाले. जीभ जराशी सुटी झाल्यावर मालकांनी पहिला प्रश्न विचारला, “सप्ताह कवा बसतोय?”

मी डोक्याला हात लावला. बायको उशाशी रात्रंदिवस बसलीय, तिला विचार की बाबा, जेवलीस का!

वाचा परत आली, डावा हातही थोडाफार वळायला लागला. अडलं ते पावलाशी. डावा पाय गुडघ्यातून उचलला तरी पाऊल खालीच लोंबायचं आणि अंगठा जमिनीला घासत यायचा. उंबऱ्याला तर तो रोज ठेचकाळायचा. नगरला व्यायाम शिकवणाऱ्या मॅडम होत्या. त्या म्हणाल्या, “काका, पावलाला आधार देणारा पट्टा करून घेऊ. मग अंगठा अडकणार नाही.”

त्यासाठी पायाला ओलं प्लॅस्टर गुंडाळून साचा काढला. ते काम एक चटपटीत मुलगी करत होती, कोपरापर्यंत पांढरी झालेली. मालक पालथ्या मुठीनं नाक पुसत मला म्हणाले, “बैलाला आडवा पाडून खुराला पत्री मारत्यात तसं चाललंय माझं.”

“बैल तरी गप पडून असतो,” मी म्हटलं.

पट्टा आला. पांढरं जाड प्लॅस्टिक, पोटरीच्या मागून टाचेखाली वळलेलं आणि तळव्याखाली बोटांपर्यंत गेलेलं. चिकटपट्ट्यांनी आवळायचा, वर मोठ्या मापाचा बूट चढवायचा. तो घालून मालक दवाखान्याच्या बोळात चालायला लागले, आणि अंगठा घासल्याचा तो खर्र आवाज आलाच नाही. इतके दिवस तो आवाज ऐकून माझे कान किटले होते. मला रडूच आलं. रडू आलं की मी चिडते, म्हणून त्यांच्यावरच खेकसले, “खाली बघून चाला की!”

घरी आलो. संध्याकाळी रस्त्यावर एक चक्कर मारून आले, ओट्यावर बसले, बूट काढला, पट्टा काढला, दोन्ही नीट जोडीनं चपलांच्या रांगेत ठेवले आणि भिंत धरत आत आले. पुढच्या मिनिटाला भांड्यांच्या मांडणीवर! तांबे, ताटल्या, डबे, सगळा बँडबाजा. नशीब, माणसापेक्षा डब्यांना जास्त पोचे आले.

“पट्टा कुठाय?” मी ओरडले.

“भाईर. पायतानापाशी.”

“अवो, तो घरातसुद्धा घालायचा असतो!”

“पायातलं घालून चुलीपाशी येऊ? देव हायेत घरात.”

मी फोनवरून मॅडमना मध्ये घातलं. त्यांनी लहान पोराला सांगावं तसं समजावलं की घर असो नाहीतर रस्ता, पायावर उभं राहायचं तर पट्टा हवाच. मालक फोनपाशी मान डोलवत होते, “व्हय मॅडम, व्हय मॅडम.” आणि दुसऱ्या दिवशी पट्टा पुन्हा चपलांच्या रांगेत. माझा संताप संताप झाला. मी दटावलं की घालायचे, माझी पाठ वळली की काढायचे. त्यात जेवणाची वेगळीच कटकट. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं होतं, मी जवळजवळ बंदच केलं. माझ्या आमटीला मालक ‘गरम पानी’ म्हणायचे. गावाला आमटी वाढणाऱ्या माणसाच्या घरात गरम पाणी! पण मी बधले नाही.

एके दिवशी सकाळी पट्टा गायब. बूट जागेवर, पट्टा नाही. सगळी गल्ली शोधायला लागली. “वहिनी, कसला दिसतो ओ?” “पांढरा, पायासारखा.” कुणी गटारीत बघतंय, कुणी पत्र्यावर. शेवटी आमच्या गोठ्याच्या मागं, कडब्याच्या गंजीआड गल्लीतलं कुत्रं सापडलं. दोन्ही पंज्यांत पट्टा धरून मटणाची नळी असल्यासारखं चघळत बसलं होतं. एक चिकटपट्टी पोटात गेली होती आणि कडेला दातांची नक्षी उमटली होती.

मालक म्हणाले, “आरारा, आता कसं करायचं?” आवाज दुःखी होता, पण डोळे? डोळ्यांत सुट्टी लागलेल्या पोराची खुशी! चाळीस पोरांच्या अंगणवाडीत असले डोळे मी रोज ओळखत होते.

मग मात्र माझा तोल गेला. मी पट्टा त्यांच्यापुढं आदळला. “तुमाला चालायचंच न्हाई का? तसं सांगा. मी बी गप बसते.”

“चालायचंय.”

“मग ही काय थेरं लावलीत?”

मालक जमिनीकडं बघत राहिले. मग हळूच म्हणाले, “मला सप्ताहात वाढायचंय. बिनपट्ट्याचा गेलो तर पडंन, कुनाच्या तरी पत्रावळीत पाय जाईल. अन् पट्टा घालून मी वळीत पाऊल ठिवायचा न्हाई. जल्मभर लोकांचे पाय बघत आलो मी. व्याह्याला उठवलं. आता सोता पायात घालून जाऊ? म्हनून घरात बिनपट्ट्याची सवय करत हुतो.”

म्हणजे हा माणूस हट्टानं पडत नव्हता, पंगतीची तालीम करत पडत होता! मला त्यांची कीव आली, मायाही आली आणि दोन ठेवून द्याव्यात असंही वाटलं. तिन्ही एकदम. मी त्यांच्याशेजारी बसले.

“तुमच्या तोंडात वरच्या दातांची कवळी हाय,” मी म्हटलं. “पंगतीत बसताना काढून भाईर ठिवता का?”

ते हसायचं नाही असं ठरवून बसले होते, पण हसलेच. कवळी हलली. “दात येगळं,” ते म्हणाले, “त्ये रस्त्यानं चालत न्हाईत.”

यात मला वाट दिसली. त्यांचं भांडण पट्ट्याशी नव्हतंच, रस्त्याशी होतं. मग रस्ता न बघितलेलाच पट्टा करून घ्यायचा!

पुन्हा नगर गाठलं. कुत्र्यानं चावलेला पट्टा बघून ती साचे काढणारी मुलगी एवढी हसली की हातातली कात्री खाली ठेवली. मी विचारलं, “बाळा, बुटाबिगर नुसता घालून चालता येईल असा होतो का गं?” ती म्हणाली, “होतो की काकू. नुसतं प्लॅस्टिक फरशीवर घसरतं, म्हणून त्याच्या तळाला रबर चिकटवून देते. घरासाठी पुष्कळ जण तसा करून घेतात.” आधी का नाही सांगितलं, असं विचारणार होते. पण मग आठवलं, तिनं ‘घरात कसं चालता काका’ असं विचारलं होतं, आणि हे महाशय ‘ब्येस चालतो’ म्हणाले होते.

तर ठरलं. चावलेला पट्टा दुरुस्त करून बुटात, बाहेरसाठी. नवा, रबराच्या तळाचा, फक्त घरासाठी आणि पंगतीसाठी. मॅडमनी तो मालकांच्या पायात घालून त्यांना चालवून बघितलं, वळवून बघितलं. मालकांनी त्यांना पंगतीची सगळी हकीकत सांगितली, आमटीत काळा मसाला किती घालायचा इथपर्यंत. मॅडमनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “जा काका, जरूर जा. पण ओल्या जागेवर पाय टाकायचा नाही, मागं कुणीतरी हवंच, आणि बादली अजिबात उचलायची नाही.”

मालकांचा चेहरा पडला. “मग वाढू काय?”

“मीठ,” मी म्हटलं.

येताना एस्टीत मिरजगाव येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले. उतरताना एकच वाक्य, “मीठ पोरं वाढत्यात.”

“मग व्हा की पोर. तसंबी घरात दुसरं काय करता?”

नवा पट्टा मी स्वच्छ फडक्यात गुंडाळून आणला आणि चपलांपाशी न ठेवता फळीवर ठेवला, धुतल्या कपड्यांशेजारी. दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांनी तो उतरवला, उलटा करून तळ बघितला, हात फिरवला. तळाला धुळीचा कणही नव्हता. मग घातला आणि थेट चुलीपाशी येऊन उभे राहिले. इतक्या महिन्यांनी माणूस भिंत न धरता माझ्या चुलीपाशी आला होता. मी म्हटलं, “आलाच आहात तर कोथिंबीर निवडा.”

आणि मग मी अंगणात पंगत बसवली. सडा वाळू दिला, पत्रावळ्या मांडल्या, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून वर खडे ठेवले. शेजारणींना हाका मारल्या. बायांना काय, करमणूकच पाहिजे होती. दोन ओळी समोरासमोर बसल्या. मालकांनी डावा हात पोटाशी घेऊन त्यात मिठाची वाटी धरली. मीठ कशाला वाया घालवायचं, म्हणून वाटीत वाळू. मी मागं मागं.

पहिल्या दिवशी सरळ जाताना जमलं, वळताना झोक गेला आणि पाय बरोबर एका पत्रावळीच्या मधोमध. ती शेजारीण ओरडली, “भावजी, माजं ताट गेलं की ओ!”

“उपाशी ऱ्हा आज,” मालक म्हणाले.

रोज संध्याकाळी पंगत. बायका धुणं, दळण, मालिका सोडून यायच्या आणि वाळू वाढून घ्यायच्या. “भावजी, जास्त झालं.” “भावजी, इकडं लक्ष द्या, तिकडंच वाढताय.” मालक आधी चिडायचे, मग त्यांनाही चेव चढायला लागला. वळायचं कसं ते जमलं, वाकून चिमूट सोडायचं जमलं. सप्ताह जवळ आला तेव्हा ते बायकांना दटावायला लागले होते, पदर आवरा, पाय आत घ्या. मी ओळखलं, माझा माणूस परत आला.

सप्ताहाचे पहिले दिवस मात्र त्यांनी काही ना काही कारण काढलं. आज गर्दी हाय, आज ऊन हाय. शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन झालं आणि मी कारण ऐकूनच घेतलं नाही. देवळापर्यंत बुटातला पट्टा घालून आलो. पारावर बसवून मी तो काढला, पिशवीतून फडकं सोडून नवा पट्टा चढवला. त्यांच्या चुलतभावानं मिठाची वाटी हातात दिली आणि तोच मागं उभा राहिला. मी बायकांच्या ओळीत जाऊन बसले.

समोर पुरुषांच्या ओळीत, अगदी तोंडाशी, काष्टीचे व्याही! अनवाणी, अर्थातच.

मालक चपलांच्या ढिगाऱ्यापर्यंत आले. तिथून पुढं पंगत सुरू होते. एक पाऊल टाकलं की आत. आणि तिथंच थांबले. सगळी पंगत त्यांच्या पायाकडं बघत होती. खरं म्हणजे कुणाचं काही म्हणणं नव्हतं, लोक कौतुकानंच बघत होते. पण यांना ते कसं कळावं? यांनीच जन्मभर तसे पाय बघितलेले. व्याह्यांनी मान वाकवून त्या पांढऱ्या पट्ट्याकडं निरखून बघितलं. मालकांचा चेहरा उतरला. मला दिसलं, हे आता मागं फिरणार. आणि आज मागं फिरले तर पुन्हा कधी येणार नाहीत. फळीवरून तो पट्टाही खाली उतरणार नाही.

उठून जावं तर सगळ्यांसमोर हात धरून आणलं असं होईल, ते त्यांना मेल्याहून मेल्यासारखं. काय करावं सुचेना. आणि सुचलं नाही की मी ओरडते.

“मीठ!” मी ओरडले. “अवो, इकडं मीठ न्हाई!”

वाढणाऱ्या माणसाचं एक असतं. पंगतीतून हाक आली की त्याचा पाय आपोआप उचलतो. किती वर्षं मी बघतेय, ‘आमटी’ अशी हाक आली की हा माणूस तोंडातलं बोलणं अर्धं टाकून धावायचा. मालकांनी दचकून मान वर केली.

मग समोरून व्याह्यांचा आवाज आला. “व्याही, आमाला बी न्हाई! मगाधरनं वाट बघतोय. का भाईर जाऊन बसू?”

पंगत हसली, आणि मग पंगतीला चेव आला. “मीठ!” “इकडं मीठ!” “ओ, मीठ आना!” बायकांची ओळ, पुरुषांची ओळ, माझ्या शेजारणींना तर वाळू खाऊन सगळं पाठ झालेलं, त्या सगळ्यांत मोठ्यांदा. एवढं मीठ गावानं कधी मागितलं नसेल.

मालकांनी पट्ट्याचा पाय उचलला आणि ओळीत ठेवला.

व्याह्यांना चिमूट वाढली. व्याही म्हणाले, “पाय लई सवच्छ हाय तुमचा.” मालक म्हणाले, “पुढं सरकून बसा,” आणि पुढच्या पत्रावळीकडं वळले. चालणं सावकाश होतं, पण खर्र असा आवाज नव्हता. पुरुषांची ओळ संपली, वळण आलं. ते वळले, नीट वळले, आणि बायकांच्या ओळीला लागले. “मीठ, मीठ, मीठ.” आवाज तोच जुना, आमटीचा.

माझ्यापाशी आले. इतक्या वर्षांत यांनी सगळ्या गावाला वाढलं, मला कधीच नाही. मी कायम भाकरीच्या पाट्यांपाशी असायचे आणि शेवटी उरलंसुरलं घेऊन आडोशाला बसायचे. आज पहिल्यांदाच पत्रावळीवर बसले होते आणि हे वाटी घेऊन माझ्यापुढं उभे होते. डोळ्यांत पाणी होतं, त्यांच्या आणि माझ्याही.

“वाढू का?” त्यांनी विचारलं.

“वाढा की.”

त्यांनी वाटीत हात घातला, चांगली मूठ भरली आणि माझ्या पत्रावळीवर मिठाचा ढीग ओतला.

“अवो!”

“खा,” ते म्हणाले. “माज्या वाटंचं सगळं तुज्याकडं साठलंय.” आणि पुढच्या बाईकडं गेले.

मागून आमटी आली. मी भाकरी चुरून आळं केलं, आमटी घेतली आणि त्यात ते मीठ कालवलं. शेजारीण म्हणाली, “वहिनी, येवढं नका खाऊ, बाजूला सारा.” मी नाही सारलं. खारटढाण झालेली ती आमटी मी शेवटच्या घासापर्यंत खाल्ली, आणि खाताना समोरून जाणाऱ्या त्या पांढऱ्या पायाकडं बघत राहिले.